माहेरचा रकाना

गौतमीच्या मस्तकात तिडीक गेली ती काही आजची नव्हती. वर्ष होत आलं होतं तिला. पुण्यातल्या एका ट्रस्टनं शिरूर अन् दौंड तालुक्यांतल्या गरोदर बायांसाठी मोबाइलवरचं अ‍ॅप काढलं, गावोगावी एकेक आरोग्यताई नेमली अन् तिच्या हातात नवाकोरा फोन दिला, तेव्हापासूनची ती तिडीक. इनामगावची आरोग्यताई म्हणजे गौतमी. बारावी शिकलेली, जिभेनं तिखट, अन् गावातल्या कुठल्या सुनेला कितवा महिना लागलाय हे तिच्या सासूच्या आधी सांगणारी.

फोन मिळाला तेव्हा बाई खूश झाली होती, खोटं कशाला बोला. आधी चार-चार वह्या पिशवीत घालून घोडनदीच्या कडेकडेनं वस्त्या हिंडायला लागायचं. आता वजन, रक्त, बीपी, सगळं फोनात टाकायचं अन् ट्रस्टच्या दवाखान्यात नर्सनं नाव दाबलं की समोर हजर. कल्पना झकासच होती. कल्पनेला कोण नावं ठेवतंय?

पहिली मीटिंग शिरूरला झाली. अ‍ॅप बनवणारा सत्यजीत पुण्याहून आला होता. तिशीचा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. "ताई, हे अ‍ॅप आम्ही तुमच्यासाठी नाही, तुमच्यासोबत बनवणार आहोत," म्हणाला. "तुम्ही आमच्या कस्टमर. तुम्ही सांगाल तसं होणार." मग प्रत्येकीला पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या अन् एका चिठ्ठीवर एक अडचण लिहायला सांगितली.

गौतमीनं लिहिलं, 'बाई बाळंतपणाला माहेरी जाते. तिची माहिती पण माहेरी गेली पाहिजे.'

अन् उभी राहून समजावूनही सांगितलं. "सर, आमच्याकडं पहिलटकरीण सासरी बाळंत होत न्हाई. सातव्यात ओटी भरली की माहेर. मराठ्याची असू द्या, आमच्या बौद्ध वस्तीतली असू द्या न्हाईतर मुसलमानाची, रीत एकच. म्हंजी सात महिनं ती माझ्याकडं, आन् खरा धोक्याचा काळ दुसऱ्याच गावात. तिथल्या ताईला तिचं मागचं सगळं दिसाया नको का?"

सत्यजीतचे डोळे चमकले. "वा ताई! हे आम्हाला पुण्यात बसून कधीच कळलं नसतं." त्यानं गौतमीच्या हातात ती चिठ्ठी देऊन फोटो काढला. पुढं तो ट्रस्टच्या पत्रकावर छापून आला. फोटो छापला, पण चिठ्ठीवरचं काम मात्र कुणी केलं नाही. आता बोला!

दुसऱ्या मीटिंगला बटणं गुलाबी हवीत की जांभळी, यावर तासभर हात वर करून मतदान झालं. "सर, माहेराचं काय झालं?" गौतमीनं विचारलं. "लिस्टमध्ये आहे ताई." तिसऱ्या मीटिंगला 'स्थलांतर' नावाचं एक बटण आलं, अन् ते दाबलं की बाईची अख्खी फाईल बंद. मागचं काही म्हणता काही दिसायचं नाही. ते म्हणे ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी केलं होतं.

"माहेरी गेलेली बाई काय ऊस तोडाया जाती व्हय सर?" गौतमी म्हणाली. साऱ्या ताया खो खो हसल्या. सत्यजीतही हसला अन् "नोटेड" म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी!

बरं, नुसतं तेवढंच असतं तरी बायांनी निभावून नेलं असतं. पण अ‍ॅपनं एक नियम आणला. दर पंधरवड्याला प्रत्येक गरोदर बाईची भेट झाली पाहिजे. झाली की हिरवं, चुकली की लाल. अन् लाल झालं की सुपरवायझर सुषमा मॅडम त्या ताईचं नाव सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या, खाली रागावलेला चेहरा. बाई माहेरी गेलीय, पन्नास किलोमीटरवर, तिची भेट गौतमीनं काय उडत जाऊन घ्यायची? अन् माहेरच्या गावची ताई घरात जाऊन मोजून आली, तर तिचा फोन सांगणार, 'ही महिला दुसऱ्या तालुक्यात नोंदलेली आहे.' म्हणजे जिला दिसतंय तिला लिहिता येत नाही, अन् जिला लिहिता येतं तिला दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा कारभार!

सुषमा मॅडमनीच मग तोड काढली. ग्रुपवर नाही हं, फोनवर, एकेकीला. "अगं, फोन करून विचारायचं, बरी आहे ना? बरी आहे म्हणाली की टाकायचं. माझ्या डोक्याला ताप नको." सगळ्या तायांना आकडा पाठ झाला. एकशेवीस-ऐंशी. निरोगी माणसाचं बीपी. बाई माहेरी, भेट हिरवी, मॅडम खूश.

गौतमीला पहिल्यांदा तो आकडा टाकताना घाम फुटला होता. तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. शिका म्हणाले ते, तिला वाटलं, ते काय असले खोटे आकडे लिहायला? दुसऱ्यांदा कमी वाटलं. पाचव्यांदा काहीच वाटलं नाही. माणसाचं असंच असतं, मेलं.

आता बुशरा. इनामगावातल्या मुजीबची बायको, लग्नाला दीड वर्ष झालेलं, पहिलटकरीण. मुजीब रांजणगावच्या कंपनीत. पोरगी मोठी लाघवी, गौतमी दारात दिसली की चहा ठेवल्याशिवाय राहायची नाही. सातव्यात तिच्या पायावर जरा सूज दिसली अन् बीपी भरलं एकशेतीस-शहाऐंशी. गौतमीनं बजावून सांगितलं, "बुशरा, दर आठवड्याला मोजायचं. डोकं दुखलं, डोळ्यापुढं चांदण्या आल्या, तर बसून राह्यचं न्हाई." आठव्या दिवशी तिची अम्मी खुर्शिद आली अन् लेकीला राहूला घेऊन गेली.

गौतमीनं राहूच्या आरोग्यताईला, भागुबाईला, लगेच फोन केला. भागुबाई पन्नाशीची, खमकी. "जाती मी, काळजी करू नगं," म्हणाली. गेलीही दोनदा. पण तिच्या फोनात बुशरा उघडंना. ती आपली कॅलेंडरच्या मागं आकडा लिहून ठेवायची.

अन् इकडं पंधरवडा भरला. गौतमीच्या फोनात बुशराचं नाव लाल झालं. ग्रुपवर नाव, रागावलेला चेहरा. त्या दिवशी घरी पाहुणे आले होते, गौतमी चुलीपुढं बसलेली, भाकऱ्या थापत होती. तिनं पीठ लागलेल्या हातानंच खुर्शिदला फोन लावला. "चाची, बुशरा बरी हाय ना?" "बरी हाय, पोरी. झोपलीय." गौतमीनं फोन ठेवला अन् टाकून दिलं, एकशेवीस-ऐंशी. भागुबाईला एक फोन करायचा तिच्या मनात आलं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. राहून गेलं.

दुसऱ्याच दिवशी भागुबाई बुशराच्या घरी गेली. मोजलं तर वरचा आकडा एकशेसाठ, खालचा एकशेदहा. पुन्हा मोजलं, तेच. पोरीचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. भागुबाईनं मायलेकींना तसंच ट्रस्टच्या दवाखान्याकडं पिटाळलं. "आत्ताच्या आत्ता जा, आन् नर्सबाईला सांगा, भागुबाईनं मोजलंय."

दवाखान्यात रांग. तिथल्या मशीनवर मात्र दोन्ही तालुक्यांतल्या बाया दिसायच्या. नर्सनं बुशराचं नाव दाबलं. स्क्रीनवर हिरवंगार. कालची भेट, एकशेवीस-ऐंशी. दोन दिवसांतली हिरवी भेट असेल तर पुन्हा मोजायची गरज नाही, हा नियमही अ‍ॅपचाच; रांग कमी व्हावी म्हणून घातलेला. "कालच तर नॉर्मल आहे. भागुबाईंचं मशीन जुनं झालंय," नर्स म्हणाली. "उन्हानं डोकं दुखतं. घरी जाऊन झोप."

पोरगी घरी जाऊन झोपली. सकाळी न्याहारीच्या वेळेला तिला झटके आले. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून केडगाव, तिथून दौंड. डॉक्टरांनी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी होती. ती रडलीच नाही. बुशरा वाचली, तिसऱ्या दिवशी तिला माणसं ओळखू यायला लागली.

गौतमीला कळलं ते भागुबाईच्या फोनवरून. सगळं सांगून झाल्यावर भागुबाई म्हणाली, "गौतमे, मी मोजलं त्याच्या आदल्या दिवशी तू राहूला आलती का गं?"

"न्हाई," गौतमी म्हणाली. भागुबाईनं पुढं काही विचारलं नाही. विचारायचं काय राहिलं होतं? तिनंही तेच केलेलं, दुसऱ्या बायांच्या बाबतीत. फरक एवढाच की तिच्या बाया वाचल्या होत्या.

आठ दिवस गौतमीला अन्न गोड लागलं नाही. नवरा विनोद काही बोलायला गेला की त्याच्या अंगावर वसकन् यायची. मनातल्या मनात ती एकेकाला धरून हाणत होती. सत्यजीतला, त्याच्या गुलाबी बटणांना, सुषमाबाईला, नर्सला. अन् सगळ्यांना हाणून झालं की शेवटी तिथं चुलीपुढं बसलेली एक बाई उरायची, हाताला पीठ लागलेली.

तेवढ्यात सुषमा मॅडमचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "गौतमी, तू घाबरू नकोस. ट्रस्टनं चौकशी केली, रिपोर्ट तुझ्या बाजूनं आहे. भेट वेळेवर झाली, बीपी नॉर्मल होतं, घरच्यांनी नंतर काळजी घेतली नाही, असं लिहिलंय. ती आई म्हणतेय त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं. पण सिस्टीममध्ये भेट आहे म्हटल्यावर तिचं कोण ऐकतंय? तू फक्त गप्प राहा."

गौतमीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिची नात मेली, तिलाच खोटी पाडायचं! अन् तेही कुणाच्या जोरावर, तर गौतमीच्या खोट्याच्या जोरावर. गप्प राहिलं तर काम राहतं, नाव राहतं, गावात मान राहतो. बोललं तर सगळंच जातं. अन् मुजीबच्या घरावरून रोज जायचं असतं तिला.

चौथी मीटिंग दोन्ही तालुक्यांची मिळून भांडगावला होती, हायवेच्या कडेच्या हॉलमध्ये. चाळीसेक ताया. भिंतीवर पडदा, पडद्यावर दोन्ही तालुक्यांचा नकाशा, अन् नकाशा सगळा हिरवा. सत्यजीत खुशीत होता. "नव्व्याण्णव टक्के भेटी वेळेवर! ताई, हे तुमचं यश आहे. कस्टमरला सोबत घेतलं की काय होतं, ते बघा!" टाळ्या पडल्या. गौतमीचे हात मांडीवरच राहिले.

टाळ्या थांबतायत तोवर दारातून भागुबाई आत आली. तिच्या मागं खुर्शिद. डोक्यावर ओढणी घट्ट धरलेली, चेहरा वाळून गेलेला.

सुषमा मॅडम लगबगीनं पुढं झाल्या. "मावशी, ही तायांची मीटिंग आहे. तुमचं नंतर बघू."

"मला एकच विचारायचंय," खुर्शिद म्हणाली. "माझ्या पोरीला झटकं आलं, त्याच्या दोन दिवस आधी माझ्या घरात मोजाया कोण आलतं? दवाखान्यात म्हणत्यात आलतं, लिवलंय. घरात मी व्हते. माझा दादला व्हता. आमच्या दारात कुत्रं आलं न्हाई त्या दिवशी. सारं गाव मला म्हणतंय, तू विसरलीस. मी येडी हाय का?"

सत्यजीत वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, लॅपटॉपवर नाव शोधलं. "काकू, झालं ते फार वाईट झालं. पण इथं भेट दिसतेय. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. एवढ्या धावपळीत माणसाच्या लक्षात राहत नाही कधी कधी."

"कुणी आलं न्हवतं!"

"काकू, सिस्टीममध्ये..."

"खड्ड्यात गेली तुमची सिस्टीम!" गौतमी ताडकन् उभी राहिली. खुर्ची मागं आपटली. "चाची खरं बोलतीय. कुणी गेलं न्हवतं तिच्या घरी. ती भेट मी टाकली. इनामगावात, माझ्या चुलीपुढं बसून. एकशेवीस-ऐंशी. न मोजता!"



"गौतमी, खाली बस," सुषमा मॅडम दात ओठ खात म्हणाल्या.

"न्हाई बसत! लई बसले. मॅडम, फोन करून टाका असं तुम्हीच म्हणालता ना? का आता विसरला? चाची विसरत न्हाई, आन् तुम्ही बऱ्या विसरता!" ती तायांकडं वळली. "आन् तुम्ही गं? खाली काय बघताय? त्या भिंतीवर हिरवं दिसतंय त्यातलं खरं किती हाय, सांगा की! माहेरी गेलेल्या बायांचं कुणी कुणी घरी बसून टाकलंय?"

आधी भागुबाईनं हात वर केला. मग केडगावची. मग शिरूरकडच्या दोघी. मग धडाधड हात वर गेले. मोजायला कुणी बसलं नाही, पण खाली राहिलेले हात मोजणं सोपं होतं.

सत्यजीतचं तोंड पांढरंफटक पडलं. "पण ताई... हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

बस्स. तेवढं एकच वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

"आधी? आधी म्हंजी कवा? पहिल्या मीटिंगला लिहून दिलं, तवा तुम्ही फोटू काढला! दुसरीला विचारलं, तवा तुम्ही रंग विचारत बसला! तिसरीला म्हणलं, तवा तुम्ही हसला! बघा तुमच्या त्या लिस्टात, काय लिवलंय माहेरापुढं. वाचा! मोठ्यांदा वाचा, चाचीला ऐकू द्या!"

सत्यजीतनं लॅपटॉपवर बोट फिरवलं. मग हळू आवाजात वाचलं, "माहेर. प्राधान्य कमी. सध्या अ‍ॅपमध्ये बदल नको, तायांना ट्रेनिंग द्यावं."

"कुणी लिवलं?"

"मीच," तो म्हणाला.

"ट्रेनिंग! आम्हाला ट्रेनिंग!" गौतमीचा आवाज चिरकला. "आवो, आम्ही कस्टमर कसल्या! तुमच्या अ‍ॅपाचा कस्टमर बुशरा व्हती. तिला विचारलं कधी कुणी? एक डाव तिच्या दारात जाऊन बसला असता, तर पोरीनं चहा पाजून सांगितलं असतं, सर, मी पुढच्या महिन्यात अम्मीकडं जाणार हाय. एवढंच तर समजून घ्यायचं व्हतं!"

सत्यजीत मान खाली घालून उभा राहिला. सुषमा मॅडम पर्स उचलून बाहेर फोन करायला गेल्या. गौतमीला वाटलं, आता मोकळं वाटेल. नाही वाटलं. रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, त्याला तोंड द्यायचं अजून राहिलं होतं.

ती खुर्शिदसमोर जाऊन उभी राहिली. "चाची, त्यांचं चुकलं ते मी बोलले. पण आकडा माझ्या बोटानं टाकलाय. मी तुम्हाला बरी हाय का विचारलं, तुम्ही हो म्हणाला, आन् मी तेवढ्यावर टाकलं. तुम्ही मला जोड्यानं मारा. पोलिसात चला म्हणाला तर येते."

खुर्शिदनं तिच्याकडं पाहिलं. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. मग खुर्चीचा हात धरून उठली.

"तुला मारून माझ्या पोरीला काय मिळंल?" ती म्हणाली. "बुशरा रोज मला विचारती, अम्मी, मी काय चुकीचं खाल्लं? मी जड उचललं का? मी कुठं चुकले, की माझी पोरगी गेली? मला जवाब न्हाई. चल माझ्यासंगं. आत्ताच. तू तुझ्या तोंडानं तिला सांग."

चाळीस बायांपुढं ओरडणं त्यापुढं सोपं होतं.

"येते, चाची," गौतमी म्हणाली अन् तिच्या मागं चालायला लागली.